चालेल का, ताई?

या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांचा शेवट 'चालेल का?' असा होतो. मोदक खाल्ला तर चालेल का, रविवारी गडावर गेलो तर चालेल का. मी चर्चच्या पाळकांची बायको आहे, पाळक नव्हे, त्यामुळे परवानगी देणं माझ्या हातात नाही. मत मात्र देते, आणि शाळेत आयुष्यभर मराठी शिकवल्यामुळे ते जरा लाल पेनाने लिहिल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या. पत्रं लांबलचक असतात, म्हणून त्यांचा गाभाच इथे छापला आहे.

आमच्या सोसायटीत आमचं एकच ख्रिस्ती घर. गणपतीत समोरच्या काकू रोज काही ना काही आणून देतात. कधी उकडीचे मोदक, कधी खिरापत, विसर्जनाला वाटली डाळ. सासूबाई हसून वाटी घेतात आणि काकूंची पाठ फिरली की सगळं कामाच्या मावशींना देऊन टाकतात. माझा नऊ वर्षांचा मुलगा विचारतो, 'आजी खोटं का वागते?' त्याला काय सांगू? आणि आम्ही ते खाल्लं तर चालेल का?
– एक सून, पिंपरी

तुमच्या मुलाचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे, म्हणून आधी तुमचा घेते.

हा प्रश्न पिंपरीत पहिल्यांदा पडलेला नाही. करिंथ हे ग्रीकांचं गजबजलेलं बंदराचं शहर. तिथल्या बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा देवळातल्या बळीचं असायचं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जेवणावळीत तेच वाढलं जायचं. विश्वासणारी घरं थोडी, शेजार सगळा दुसऱ्या देवांचा. त्यांनी प्रेषित पौलाला तुमचाच प्रश्न विचारला आणि पौलाने बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत त्याचं उत्तर दिलं. एवढी जागा घेतली, यावरून समजा की त्यालाही एका ओळीत 'चालेल' किंवा 'चालणार नाही' म्हणता आलं नाही.

आठव्या अध्यायात तो म्हणतो की मूर्ती म्हणजे काही नाही, आणि खाण्याने आपण देवाच्या जवळ जात नाही की न खाण्याने दूर होत नाही. हे वाचून मोदकाकडे हात जाणार, तेवढ्यात तो पुढे म्हणतो, माझ्या खाण्याने एखाद्या दुर्बळ मनाच्या भावाला ठेच लागत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. दहाव्यात तो सांगतो, बाजारात मिळतं ते चौकशा न करता खा, कुणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा. पण समोरचा 'हे वाहिलेलं आहे' असं स्वतःहून सांगत असेल, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमहून जे पत्र निघालं, त्यात मूर्तीला वाहिलेलं टाळा असं सरळच लिहिलं आहे. तेव्हा सासूबाईंनी हे मनाने काढलेलं नाही. त्यांच्या बाजूने शास्त्र आहे. तुमच्याही बाजूने आहे.

सासूबाईंच्या पिढीचं आणखी एक ध्यानात ठेवा. त्यांच्या आजी-आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा कुणाचं पाणी बंद झालं, कुणाला भावकीने टाकलं. प्रसादाला हात न लावणं ही तेव्हा साधी खाण्याची आवडनिवड नव्हती, आपण कोण झालो आहोत ते स्वतःला सांगण्याची खूण होती. ती खूण एका सुनेच्या सोयीसाठी पुसली जाणार नाही, आणि पुसायला जाऊही नका.

माझं मत विचाराल तर आरतीला उभं राहून तीर्थप्रसाद घेणं वेगळं आणि शेजारणीने प्रेमाने आणून दिलेलं आपल्या स्वयंपाकघरात बसून खाणं वेगळं. मी खाते. आमचे पाळकसाहेब खात नाहीत. ते माझी वाटी ओढून घेत नाहीत, मी त्यांच्यासमोर मिटक्या मारत नाही. पौलाचा एवढा अर्थ आमच्या घरात लागला आहे.

आता मुलाचं. आजी खोटं वागते असं मुलाला वाटलं, ते खाण्या-न-खाण्यामुळे नाही. काकूंना वाटतं खाल्लं, आणि खाल्लेलं नसतं, हे त्याला खुपलं. यावर उपाय सोपा आहे, फक्त पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते. काकूंना सांगा, 'काकू, आमच्यात नैवेद्याचं खात नाहीत, पण तुमच्या हातचे मोदक सोडवत नाहीत. नैवेद्य दाखवायच्या आधी आमचे चार बाजूला काढून ठेवाल?' चाळीत वाढलेल्या कुठल्याही बाईला यात काही नवल वाटणार नाही. हिंदू घरातून ख्रिस्ती-मुसलमान शेजाऱ्यांचं ताट असंच आधी काढून ठेवलेलं मी लहानपणापासून पाहिलं आहे.

आणि विचार करा, नाताळात तुम्ही काकूंकडे करंज्या-चकल्यांच्या ताटात केक ठेवता, तेव्हा 'काकू, यात अंडं आहे हं' असं सांगता ना? काकू त्यावर रागावत नाहीत, केक तेवढा परत देतात किंवा नातवाला देतात. तुम्ही त्यांचा नेम सांभाळता, मग त्यांना तुमचा सांभाळू द्या की! बोलायला तुम्ही जाऊ नका, सासूबाईंना पाठवा, आणि बरोबर मुलाला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर आजीनेच द्यायचं आहे.

आम्ही दोघंही नोकरी करतो. सुट्टी फक्त रविवारी. मुलाच्या शाळेतल्या मित्रांचा गट रविवारीच गडकिल्ल्यांवर जातो आणि त्याला जायचं असतं. उपासना चुकवून गेलं तर चालेल का?
– एक वडील, नाशिक

अधूनमधून चालेल. दर रविवारी नाही.

'शब्बाथ मोडला' म्हणून घाबरत असाल तर तेवढं मनातून काढा. मोशेच्या आज्ञेतला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, शनिवारचा. पहिल्या मंडळ्या रविवारी जमू लागल्या त्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून, आणि तेव्हा रविवारी सुट्टी वगैरे काही नव्हती. रोमच्या कॉन्स्टंटाइन सम्राटाने इ. स. ३२१ मध्ये रविवारी कामं बंद ठेवायचा हुकूम काढला, त्यातही शेतकऱ्यांना सूट होती, कारण पेरणी रविवार पाहून थांबत नाही.

आणि तुमच्या-माझ्या रविवारच्या सुट्टीमागे एक मराठी माणूस आहे, हे मुलाला गड चढताना जरूर सांगा. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडल्याचं सांगतात. तेव्हा रविवार एकट्या आपल्याच मालकीचा आहे, अशा थाटात आपण वावरू नये.

सोयीचं सांगते. तुम्ही कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, धर्मगुरूंना वेळ विचारून घ्या. आमच्यासारख्या मंडळीत असाल तर सकाळची लवकरची उपासना आहे का ते बघा, नाहीतर महिन्यातला एक रविवार गडाचा ठरवून टाका आणि तो पाळकांना आधी सांगा. न सांगता गैरहजर राहिलं की लोक आजारपणाची चौकशी करायला घरी येतात आणि कुलूप पाहून परत जातात, हे बरं नव्हे.

फक्त 'आम्ही डोंगरावर देवाला भेटतो' हे मला ऐकवू नका. डोंगरावर देव भेटतो, यात शंका नाही. पण मागच्या बाकावर बसणाऱ्या एकट्या आजोबांच्या मोतीबिंदूचं काय झालं, ते डोंगरावर कळत नाही.

माझी सात वर्षांची लेक रात्री रडत उठते. संडे स्कूलमध्ये तिला सांगितलं की येशूवर विश्वास न ठेवणारे नरकात जातात. तिची जिवलग मैत्रीण जैन आहे. 'ती जाणार का गं आई?' असं विचारते. मला उत्तर सुचत नाही.
– एक आई, छत्रपती संभाजीनगर

रात्री उत्तर द्यायचंच नाही. रात्री जवळ घ्यायचं, पाणी द्यायचं, झोपवायचं. धर्मशास्त्र सकाळी.

सकाळी योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढा. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू पेत्राशी बोलतो आहे. पेत्र मागे वळून दुसऱ्या एका शिष्याकडे बघतो आणि विचारतो, 'प्रभो, याचं काय?' येशूचं उत्तर असं, की त्याचं मी काय करीन याच्याशी तुला काय करायचं आहे, तू माझ्यामागे ये. सात वर्षांच्या मुलीला हे नक्की कळतं, कारण वर्गात 'तिचं बघू नकोस, तुझी वही बघ' हे ती रोज ऐकत असते.

तुम्हाला मोठ्यांसाठीचं उत्तर हवं असेल तर सगळी चर्चं यावर एकसारखं शिकवत नाहीत. 'मीच मार्ग' हे येशूचं म्हणणं कुणीच बाजूला ठेवत नाही. पण त्या मार्गाने देव कुणाकुणाला कसा नेईल, यावर मतं निराळी आहेत. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, अधिकृतपणे लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, तेही तारणाला पोहोचू शकतात. आमच्याकडचे पुष्कळ उपदेशक एवढं पुढे जायला तयार नसतात. मी स्वतः इतकंच म्हणते की शेवटचा न्याय कुणाकडे आहे ते विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कबुलीत, स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि त्या जागी संडे स्कूलच्या शिक्षिकेचं नाव नाही.

त्या बाईंना भेटा. व्हॉट्सॲपवर लिहू नका, प्रत्यक्ष भेटा. त्या बहुधा कॉलेजात शिकणारी एखादी मुलगीच असतील, हातात दिलेलं पुस्तक वाचून दाखवणाऱ्या. रागावू नका, मूल रात्री रडतं एवढंच सांगा. आणि लेकीला म्हणावं, मैत्रिणीसाठी प्रार्थना कर, नाव घेऊन कर. पण मैत्रिणीला नरकाची बातमी द्यायला जाऊ नकोस. शेजारी म्हणजे कोण, हे विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने गोष्ट सांगितली, तिचा नायक परक्या जमातीचा शोमरोनी होता, हेही तिला चित्रं दाखवून सांगा.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या मुलीने कॅलेंडरवर मोजलं, तर ४६ दिवस आले. मग आपण चाळीस दिवसांचा उपवासकाळ का म्हणतो?
– एक वाचक, सोलापूर

मुलीचं गणित बरोबर आहे. मधले सहा रविवार वजा करा. दर रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही. तिने चॉकलेट सोडलं असेल तर रविवारी मागण्याचा तिला हक्क आहे. घरात शिस्तीची आजी असेल तर हा हक्क चालणार नाही, हेही तिला सांगा.

मे महिन्यात सासूबाई आमच्याकडे पुण्यात राहायला येणार आहेत. त्यांना 'आपल्या लोकांच्या' जागा बघायच्या आहेत. त्यांचे गुडघे दुखतात. मुलं आत्ताच म्हणायला लागली आहेत, 'पुन्हा चर्चच?' कुठे नेऊ?
– एक जावई, पुणे

मुलांचं खरं आहे. एका दिवसात एकच चर्च, हा नियम करा आणि उरलेला दिवस कात्रजच्या वाघांना द्या.

सुरुवात घराजवळून. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय, म्हणजे आपलं पंचहौद. इमारत १८८५ ची, घंटांचा उंच मनोरा देवळापासून वेगळा उभा आहे, त्याकडे मुलं आपोआप बघतील. मग त्यांना चहाची गोष्ट सांगा. १८९० मध्ये आनंदीबाई जोश्यांचे यजमान गोपाळराव यांनी पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना पंचहौद मिशनमध्ये कार्यक्रमाला जमवलं. मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला, आणि पुढे सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात! त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आपण मोदक खायचा की नाही यावर डोकं धरून बसतो, तसे आपले चहा-बिस्किट खायचे की नाही यावर ते बसले होते. पिंपरीच्या सूनबाईंनीही हे वाचावं.

दुसरा दिवस केडगावला, दौंड तालुक्यातलं. पुणे-दौंड मार्गावर रेल्वेचं स्टेशन आहे, सासूबाईंना गाडीच्या हादऱ्यांपेक्षा रेल्वे बरी पडेल. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला, छापखाना चालवला, आणि त्या मुली-बायकांनीच खिळे जुळवून पुस्तकं छापली. वय झालेलं, कान गेलेले, अशा अवस्थेत रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संस्थेत आजही मुली-बायका राहतात, तेव्हा आधी फोन करून परवानगी घ्या, आणि सहलीला आल्यासारखे फोटो काढत फिरू नका. सासूबाईंना तिथल्या मोठ्या देवळात अर्धा तास नुसतं बसू द्या. मुलांना तेवढ्यात बाहेर आंबा खायला घाला.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मुक्काम करून जा. मी तिथलीच, म्हणून माझं ऐकताना थोडं कमी करून ऐका. अमेरिकन मिशनचे लोक तिथे १८३१ मध्ये आले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघू लागलं. सिंथिया फरार बाईंच्या शाळा तिथल्याच, सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले त्या. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसारही याच शहराने पाहिला. सासूबाई टिळकांचे अभंग म्हणतच असतील. नसतील तर जाताना गाडीत तुम्ही म्हणा.

वसईचा किल्ला मात्र सासूबाईंना घरी ठेवून मुलांबरोबर करा, आणि मे महिन्यात नको. जमीन उंचसखल, सावली थोडी. आतल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवरून चालताना मुलं आपोआप हळू बोलतात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत क्रूसावर मारले गेले, संत झाले, आणि किल्ल्यातलं एक चर्च आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. वसईचा पोरगा जपानला कसा पोहोचला, यावर मुलांना घरी नकाशा काढायला लावा. वांद्र्याच्या माऊंट मेरीची जत्रा सप्टेंबरात असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या गर्दीत नेऊ नये, एवढंच.

मी वसईची कॅथलिक, नवरा सी.एन.आय.चा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). बाळाचा बाप्तिस्मा कुठे करायचा यावरून दोन्ही घरं अडून बसली आहेत. दोन्हीकडे केला तर चालेल का?
– नवी आई, ठाणे

हे मात्र सरळ चालणार नाही. बाप्तिस्मा एकदाच. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला एकमेकांचा बाप्तिस्मा दोन्ही चर्चं मानतात, तेव्हा दुसऱ्यांदा करायची गरज नाही आणि तसं करूही नये.

लग्नाच्या वेळी कॅथलिक चर्चची परवानगी काढली असेल, तर मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा देण्यासाठी शक्य ते सगळं करीन, असं वचन तुमच्याकडून घेतलं असणार आणि नवऱ्याला त्याची कल्पना दिली असणार. घरच्यांशी बोलण्याआधी तुम्ही दोघं त्यावर बोला. वसईला करायचं ठरलं तर नवऱ्याकडच्या एखाद्या बाप्तिस्मा झालेल्या नातलगाला कॅथलिक धर्ममाता किंवा धर्मपित्याबरोबर साक्षीदार म्हणून उभं राहता येतं. सासरच्या माणसाला त्या दिवशी पुढे जागा मिळाली की अर्धं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं अर्धं सासऱ्यांना आठवण देऊन मिटवा. सी.एन.आय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात जन्मली, ती सहा चर्चं एकत्र येऊन. त्यांतली काही बाळांना बाप्तिस्मा देणारी आणि काही मोठ्यांनाच देणारी होती. तरी दोन्ही पद्धती त्यांनी एका छपराखाली ठेवल्या.

हॉटेलात जेवणाआधी बाबा मोठ्याने प्रार्थना करतात. वेटर ताटं घेऊन उभा राहतो. मला लाज वाटते.
– वय १५, कोल्हापूर

बाबांना मत्तयाचा सहावा अध्याय दाखव, पाचवी आणि सहावी ओवी. हळू आवाजात, दोन वाक्यांत प्रार्थना होते, आणि वेटरच्या हाताला चटका बसत नाही. मात्र तू त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवशील, असा सौदा कर.

ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते? गावी जायचं तिकीट कधीचं काढायचं ते कळत नाही.
– एक वाचक, डोंबिवली

२१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतर येणारा रविवार, असा ढोबळ हिशेब आहे. पौर्णिमा चर्चच्या तक्त्यातली धरतात, म्हणून आपल्या पंचांगाशी कधीकधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. २०२७ मध्ये तो २८ मार्चला आहे, म्हणजे उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २६ ला. बहुतेक शाळांच्या परीक्षा तोवर संपलेल्या नसतील, तेव्हा मुलांना घेऊन जाण्याचं कठीण. २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला येतो आणि उत्तम शुक्रवार १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्याच दिवशी. दोन सुट्ट्यांची एक होईल, आणि ज्यांच्या घरी दोन्ही दिवस पाळले जातात त्यांना सकाळ-संध्याकाळची वाटणी आधीच करून ठेवावी लागेल. गाड्यांना दुहेरी गर्दी असणार. आरक्षण खुलं होईल त्या दिवशीच तिकीट काढा.